स्टँड आत कधी घ्यायचा, हे आधी शिक

प्रश्न असा आला आहे: "दादा, कॅपकॉमचा जुना जोजो हा फायटिंग गेम खेळायला लागून महिना झाला. मी जोतारो घेतो. स्टँड पूर्ण वेळ बाहेरच ठेवतो, कारण त्याने मार कमी बसतो. तरीही ४० सामने सलग हरलो. मध्येच स्टँड फुटतो आणि मग मला काहीच करता येत नाही. पात्र बदलू का? पेट शॉप हे पात्र घेतलं तर समोरचा काही न बोलता निघून जातो, ते का? कुठली आवृत्ती चांगली? आणि पॅडवर खेळू की जॉयस्टिक घेऊ?"

पात्र बदलू नकोस, जोतारोच ठेव. तुझं घोडं चौथ्या बटणापाशी अडलंय. या गेममध्ये हल्ल्याची तीन बटणं आहेत, हलका, मध्यम आणि जोरदार, आणि चौथं बटण स्टँडचं, म्हणजे पात्राशेजारी उभं राहून त्याच्यासाठी लढणाऱ्या त्याच्याच शक्तीच्या रूपाचं. ते दाबलं की स्टँड बाहेर येतो, परत दाबलं की आत जातो. नवा खेळाडू ते सामन्याच्या सुरुवातीला एकदा दाबतो आणि नंतर त्याला हातच लावत नाही. मी हा गेम पंधरा-सोळा वर्षं खेळतोय, दहा-बारा जणांना शेजारी बसवून शिकवलाय, आणि जोजोची अ‍ॅनिमे मालिका बघून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिले काही आठवडे हेच केलंय. मीसुद्धा.

स्टँड बाहेर असताना मार कमी बसतो, हे तुझं निरीक्षण खरं आहे. पण जो मार तुझ्या अंगावर कमी बसतो, तो स्टँडच्या पट्टीतून वसूल होतो. तुझ्या आयुष्याची पट्टी वेगळी आणि स्टँडची वेगळी. स्टँडवर बसणारा प्रत्येक फटका त्या दुसऱ्या पट्टीतून थोडं थोडं कापत जातो, तू तो फटका नीट अडवलास तरी. पट्टी संपली की स्टँड क्रॅश होतो आणि काही क्षण तू पूर्ण उघडा पडतोस. तू ज्याला "मला काहीच करता येत नाही" म्हणतोस, ते हे क्षण. तेवढ्या वेळात जाणकार खेळाडू आपला सगळ्यात लांब कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले फटके, निवांत मारतो. आणि ही पट्टी परत भरायची तर स्टँड आत घ्यावा लागतो. उन्हाळ्यात विहीर उपसतात तसं आहे हे. पंप बंद करून झऱ्यांना वेळ दिला नाही तर पाणी चढत नाही, आणि तू तर पंप अखंड चालू ठेवतोयस.

आता समोरच्याच्या जागी बसून बघ. त्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं की हा स्टँड आत घेत नाही. मग तुझ्या आयुष्याच्या पट्टीकडे बघायचं त्याला कारणच उरत नाही. तो लांबून काहीतरी फेकतो, जवळ येऊन दोन हलके फटके मारतो, मागे सरकतो, परत फेकतो. तू सगळं अडवतोस आणि तुला वाटतं, छान चाललंय. तो मात्र तुझी स्टँडची पट्टी किती उरली एवढंच मोजत असतो. शेवटचा तुकडा उरला की तो पुढे घुसतो. तुझ्या ४० पैकी निम्म्याहून अधिक सामने असेच गेले असणार. तुझ्याकडे रेकॉर्डिंग असेल तर एक काढ आणि फक्त ती एक पट्टी बघत राहा, बाकी काही बघू नकोस.

मग स्टँड बाहेर कधी काढायचा? हात पोहोचणार असेल तेव्हा. जोतारोच्या स्टँडची, म्हणजे स्टार प्लॅटिनमची, ताकद जवळच्या अंतरात आहे. तू स्क्रीनच्या एका टोकाला आणि प्रतिस्पर्धी दुसऱ्या टोकाला असेल, तर बाहेर उभा असलेला स्टँड म्हणजे नुसतं मोठं लक्ष्य. जोतारो स्वतः काही लेचापेचा नाही. त्याचे स्वतःचे ठोसे आणि लाथा हलका-मध्यम-जोरदार या क्रमाने एकमेकांना जोडता येतात. चाल करून जवळ जा, स्वतःच्या हातापायांनी पहिला फटका लागू दे, आणि समोरचा अडचणीत आहे हे दिसलं की मग स्टँड काढ. पडलास आणि उठतोयस, तेव्हा स्टँड आतच असू दे, कारण उठताना तुझ्यावर दडपण येणारच आहे आणि ते स्टँडच्या पट्टीवर घेतलंस तर तिथेच अर्धी पट्टी जाईल. एखादा मोठा मार अटळ दिसतोय आणि पट्टी भरलेली आहे, तर स्टँड पुढे कर. त्यासाठीच तो आहे. पण ते झालं की लगेच आत.

याचा सराव मी सगळ्यांना एकाच पद्धतीने करायला लावतो. दहा सामने असे खेळ की स्टँड काढला की मनात पाचपर्यंत मोजायचं. पाच व्हायच्या आत तुझा फटका लागला, तर पुढे चालू ठेव. नाही लागला, तर आत घे, काहीही होवो. या दहांपैकी बहुतेक सामने तू हरशील आणि त्यात काही वाईट नाही. अकराव्या सामन्यापासून अंगठा आपोआप त्या बटणाकडे जायला लागतो. मोजणं सुटतं, सवय राहते.

हे बटण असं का आहे, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळल्यावर माझा स्वतःचा खेळ बदलला. हिरोहिको अराकी यांची 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८७ मध्ये 'वीकली शोनेन जंप' मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन भागांत लढाया हामोन नावाच्या श्वासाच्या विद्येवर चालतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या भागात अराकींनी स्टँड आणला: माणसाच्या आतल्या शक्तीला आलेलं रूप, जे त्याच्या शेजारी उभं राहतं. त्याचे नियम त्यांनी कडक ठेवले. स्टँडला जखम झाली की ती मालकाच्या शरीरावर उमटते. जो स्टँड जबरदस्त ताकदीचा आहे, तो मालकापासून फार लांब जाऊ शकत नाही. जो लांब जातो, त्याची ताकद कमी. त्या मांगातल्या जवळजवळ सगळ्या लढाया या देवाणघेवाणीवर उभ्या आहेत. कोण किती लांब आहे, कोणाचं शरीर उघडं आहे, हे ज्याला आधी कळतं तो जिंकतो.

कॅपकॉमने १९९८ च्या अखेरीस हा गेम आर्केडमध्ये आणला, तेव्हा त्यांना हे नियम बटणांत उतरवायचे होते. आज तू अ‍ॅनिमे बघून आलास, पण टीव्हीवरची ती मालिका २०१४ ची. १९९८ मध्ये तिसऱ्या भागाची हलती चित्रं म्हणजे १९९३-९४ मध्ये निघालेले सहा व्हिडिओ भाग, आणि तेही कथेच्या उत्तरार्धाचे. म्हणजे कॅपकॉमच्या चित्रकारांपुढे मुख्यतः काळ्या-पांढऱ्या छापील चौकटी होत्या. त्या चौकटींतली वेडीवाकडी उभं राहण्याची ढब, आवाजांची अक्षरं, रेषांचा जोर हे सगळं त्यांनी पिक्सेलमध्ये आणलं. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम चित्रात नसून त्या चौथ्या बटणात आहे. स्टँडला त्यांनी नुसता चमकदार हल्ला करून टाकलं नाही. स्टँड म्हणजे तुझंच दुसरं शरीर, जे पुढे केलं की तुझं रक्षणही होतं आणि तेच पणालाही लागतं, हा अराकींचा नियम त्यांनी एका पट्टीत आणि एका बटणात बसवला. जखम मालकाच्या शरीरावर उमटते, त्याचं खेळातलं रूप म्हणजे स्टँड क्रॅश.

अंतराचा नियमही तसाच उतरलाय. काक्योइन या पात्राचा हायरोफंट ग्रीन किंवा देवो या पात्राची ती बाहुली घे. हे लांब पाठवता येणारे स्टँड. त्यांना दूरवरून चालवता येतं, पण तेवढ्या वेळात मालक बिचारा मागे उभा असतो. काक्योइनविरुद्ध नवे खेळाडू हिरव्या स्टँडशीच लढत बसतात. तुला मागे उभ्या असलेल्या शाळेच्या गणवेशातल्या मुलापर्यंत पोहोचायचं आहे. मांगातही त्याच्याशी लढणाऱ्याला हेच करावं लागतं.

आता टँडम अटॅक. हा तू अजून वापरत नसशील, पण वापरायला लागल्यावर हा गेम दुसऱ्या कुठल्याच गेमसारखा वाटेनासा होतो. खाली, तिरकं, मागे आणि स्टँडचं बटण. सुपरची, म्हणजे मोठ्या हल्ल्यांसाठी साठणारी, एक पट्टी खर्च होते. जोतारो आणि कथेतला खलनायक डिओ यांच्यासारख्या पात्रांच्या बाबतीत क्षणभर सगळं थबकतं आणि तुला हल्ल्यांचा क्रम आधीच दाबून ठेवता येतो: हलका, हलका, मध्यम, जोरदार, जे हवं ते. मग स्टँड एकटा पुढे जातो आणि तू लिहून दिलेला क्रम पार पाडतो. तू मोकळा. तू चालू शकतोस, उडी मारू शकतोस, स्वतः मारू शकतोस. एका बाजूने स्टँड ठोकतोय आणि दुसरीकडून तू येतोयस.

याचा खरा उपयोग समोरचा पडून उठत असतो तेव्हा. स्टँड त्याच्यावर हल्ले करून त्याला अडवायला लावतो आणि तू त्याच वेळी ठरवतोस, उडी मारून वरून मारायचं की बसून पायाशी. वरचा हल्ला उभं राहून अडवावा लागतो, पायाशी येणारा बसून. त्याला अंदाज बांधावा लागतो, तोही स्टँडचे फटके झेलता झेलता. मात्र दोन गोष्टी सांभाळ. सगळा क्रम जोरदार बटणांचा लिहू नकोस. हलक्या फटक्यांनी स्टँड त्याला जागेवर खिळवून ठेवतो, तुला वेळ मिळतो. आणि टँडम सोडलास की तुझा स्टँड तुझ्याजवळ नाही हे विसरू नकोस. तेवढ्यात मधून सुटून कोणी तुझ्या अंगावर आला, तर झेलायला पुढे कोणी नाही. मी शिकवलेल्या एका मुलाने सहा महिने टँडम फक्त कॉम्बोच्या शेवटी नुकसान वाढवायला वापरला. ज्या दिवशी तो उठणाऱ्या माणसावर वापरायला लागला, त्या दिवसापासून मला त्याच्याशी जिंकणं अवघड झालं.

सुपरच्या दहा पट्ट्यांपर्यंत साठा होतो. हा साठा बघून नवे लोक वाट बघत बसतात, की भरपूर जमलं की वेळ थांबवू. जोतारो आणि डिओ वेळ थांबवतात तो प्रकार दिसायला अप्रतिम आहे, रंग बदलतात, समोरचा पुतळा होतो. मांगात कैरोमध्ये डिओ पाच सेकंद, पुढे नऊ सेकंद वेळ थांबवतो, आणि ती अख्खी लढाई सेकंदांच्या हिशेबाची आहे. पण तुझ्या पातळीवर त्या पट्ट्या टँडमला आणि गार्ड कॅन्सलला, म्हणजे अडवता अडवता उलटा हल्ला करून सुटण्याला खर्च कर. वेळ थांबवायची हौस नंतर भागव. डिओ घेतलास तर रोड रोलर अंगावर टाकायचा सुपरही आहे. तो एकदा मारून बघ, कारण मांगातलं ते पान डोळ्यांपुढे उभं राहतं.

केओएफ ९७ वर वाढलेल्यांसाठी एक गोष्ट, आणि तू आपल्याकडच्या पार्लरमध्ये गेला असशील तर तुलाही ती लागू आहे. आमच्या पिढीने फायटिंग गेम शिकला तो 'किंग ऑफ फायटर्स ९७' वर, टोकन टाकून, मागे पाच पोरं उभी असताना. बाजूच्या मशीनवर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असायचा, ज्याला सगळे मुस्तफाच म्हणायचे. केओएफमध्ये लोळण घेऊन पलीकडे जायची सवय हातात इतकी मुरते की जोजोमध्येही माणूस संकट आलं की लोळतो. इथेही लोळण आहे. पण ती समोरच्याला दिसते, आणि ती जिथे संपते तिथे तो वाट बघत उभा असतो. सलग दोनदा लोळलास तर दुसऱ्या वेळी मार ठरलेला.

हा गेम आपल्याकडच्या पार्लरमध्ये मी कधीच पाहिला नाही. त्याचं कारण मला वाटतं त्याच्या हार्डवेअरमध्ये आहे. तो कॅपकॉमच्या सीपीएस-३ या आर्केड मशीनच्या बोर्डावर चालायचा. त्या बोर्डासाठी एकूण सहाच गेम निघाले: 'रेड अर्थ', 'स्ट्रीट फायटर ३' चे तीन अवतार आणि जोजोचे दोन. गेम सीडीवर यायचा, तिथून बोर्डाच्या मेमरीत उतरवायचा, आणि सोबत एक सुरक्षा कार्ट्रिज. गेम कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद असायचा, आणि त्या कुलपाची किल्ली कार्ट्रिजमध्ये बॅटरीवर जिवंत असायची. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि गेम बंद. खेळाडू तिला आत्मघाती बॅटरी म्हणतात. हे कूटबद्धीकरण २००७ मध्ये जाऊन फुटलं. म्हणजे ज्या काळात इतर गेमचे नकली बोर्ड गल्लोगल्ली पोहोचले, त्या काळात याची नक्कल करता येत नव्हती. आमच्यापैकी बहुतेकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो संगणकावर, निघून दहा वर्षं झाल्यावर.

आवृत्तीचं विचारलंस. पहिली १९९८ ची, जपानबाहेर 'जोजोज व्हेंचर' या नावाने आलेली. दुसरी १९९९ ची, वाढवलेली, जिला लोक 'हेरिटेज फॉर द फ्युचर' म्हणून ओळखतात. तिच्यात होल हॉर्स, मरायाह, व्हॅनिला आइस, पेट शॉप वगैरे वाढले आणि निवडता येणारी पात्रं २२ झाली. तू हीच खेळ. ऑनलाइन सगळे हीच खेळतात. इंग्रजी आवृत्तीत काही नावं बदललेली दिसतील, व्हॅनिला आइसचा 'आइस्ड' झालाय, देवोचा 'डीबो'. मूळ नावं गायक-वादकांवरून घेतलेली होती, म्हणून ही खबरदारी.

घरच्या कन्सोलवर दोन रूपं आली, दोन्ही १९९९ मध्ये. ड्रीमकास्टवरचं आर्केडच्या अगदी जवळचं आहे आणि त्यात दोन्ही आर्केड आवृत्त्या मिळतात. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी दोन मेगाबाइट, चित्रांसाठी आणखी एक. त्यात सीपीएस-३ ची चित्रं मावणं शक्य नव्हतं, म्हणून हालचालींतल्या बऱ्याच फ्रेम गाळाव्या लागल्या. सरावासाठी ते रूप घेऊ नकोस, हात वेगळा बसतो. पण कथेसाठी मात्र जरूर खेळ. त्यात सुपर स्टोरी मोड आहे, जो मांगाची कथा प्रसंगाप्रसंगाने पुढे नेतो आणि जिथे हाणामारी बसत नाही तिथे वेगळेच छोटे खेळ देतो. मांगातला हा प्रवास जपानहून हाँगकाँग, सिंगापूर, मग आपल्या कोलकाता आणि वाराणसीतून पाकिस्तान, अरबस्तान करत इजिप्तला पोहोचतो. होल हॉर्स पहिल्यांदा भेटतो तो कोलकात्यात. तो भाग वाचलेला नसेल तर वाच, मग त्याच्या वळणाऱ्या गोळ्यांची गंमत खेळताना जास्त कळेल.

२०१२ मध्ये एचडी रूप निघालं होतं, पण काही वर्षांतच ते विक्रीतून गेलं. सीपीएस-३ च्या सहा गेमपैकी 'स्ट्रीट फायटर ३' चे तिन्ही २०१८ च्या संग्रहात परत आले, 'रेड अर्थ' २०२२ च्या संग्रहात. जोजोचे दोन तेवढे मागे राहिलेत, कारण मांगाचे हक्क कॅपकॉमचे नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतकं चांगलं काम दुकानात मिळत नाही, आणि ते जिवंत आहे ते केवळ खेळणाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे. जुनी ड्रीमकास्टची डिस्क कुठे मिळाली तर घेऊन ठेव.

आता पेट शॉप. मांगात तो कैरोतल्या डिओच्या वाड्याचं दार राखणारा ससाणा, बर्फाचा स्टँड असलेला. इगी या कुत्र्याबरोबरची त्याची लढाई त्या भागातल्या सगळ्यात क्रूर लढायांपैकी आहे. गेममध्ये तो कायम हवेत असतो आणि अंगाने लहान आहे. बाकी पात्रांचे हल्ले उभ्या माणसाच्या उंचीचा विचार करून बनवलेत, त्यामुळे अर्धे त्याच्या खालून किंवा वरून निघून जातात. कॉम्बो लागतच नाहीत. वर त्याचे बर्फाचे हल्ले चारी बाजूंनी येतात. जपानी आर्केडमधल्या स्पर्धांतही त्याच्यावर बंदी असते. समोरचा निघून जातो, तो तुझ्यावर रागावून नव्हे. त्याला माहीत आहे की पुढच्या तीन मिनिटांत दोघांनाही शिकण्यासारखं काही घडणार नाही. ओळखीच्या माणसाबरोबर, आधी विचारून खुशाल खेळ. अनोळखी माणसासमोर नको. इगीही छोटा आहे, पण तो जमिनीवर चालणारा कुत्रा आहे, त्याला खाली मारता येतं, म्हणून त्याला कोणाची हरकत नसते.

जोतारोचा कंटाळा आलाच, तर महिनाभराने पोल्नारेफ बघ. सिल्व्हर चॅरियट चिलखत काढून फेकतो आणि वेग वाढतो, तो प्रकार हातात आला की मजा येते. अलेसी एकदा तरी निवड, जिंकण्यासाठी नाही. त्याचा स्टँड समोरच्याला लहान मूल करून टाकतो, आणि कॅपकॉमच्या चित्रकारांनी त्यासाठी प्रत्येक पात्राचं बालरूप वेगळं काढलंय. काही सेकंद दिसणाऱ्या गोष्टीसाठी एवढी मेहनत! आणि मिडलर बघ. मांगात तिचा चेहरा दिसतच नाही. गेममधलं तिचं रूप स्वतः अराकींनी या गेमसाठी रेखाटलं.

ऑनलाइन खेळताना इंटरनेटचा दोष आणि आपला दोष वेगळे करायला शीक. हा गेम सेकंदाला साठ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, १०० मिलिसेकंद असेल तर तुझं बटण समोरच्याकडे पोहोचायला तीन फ्रेम लागतात. रोलबॅक पद्धतीत संगणक समोरच्याचं बटण अंदाजाने धरून पुढे चालतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. ती दुरुस्ती म्हणजे तुला मध्येच दिसणारा झटका. आपल्याकडून जपानशी खेळताना हे झटके बरेच येतात. शिकत असताना जवळच्या लोकांशी खेळ, भारतातले किंवा आखातातले, संख्या कमी असली तरी. पिंग १५० च्या वर गेला तर मी सामना मजेसाठी खेळतो, त्यातून स्वतःच्या खेळाबद्दल निष्कर्ष काढत नाही. एकट्याने सराव करायला खेळाडूंनी लिहिलेल्या स्क्रिप्ट आहेत, त्यात प्रत्येक हल्ला नेमका कुठपर्यंत पोहोचतो ते चौकोनांत दिसतं. स्टार प्लॅटिनमचा हात किती लांब जातो, हे तिथे अर्धा तास बघ.

पॅड की स्टिक, यावर पैसे आत्ता खर्च करू नकोस. पॅडच पुरेसं आहे. फक्त एक बदल कर. तुझं स्टँडचं बटण बहुधा अंगठ्याखालच्या चार बटणांत आहे. हल्ला मारणारा अंगठा तिथून उचलून स्टँडकडे न्यावा लागतो, आणि धामधुमीत तो जात नाही, म्हणूनही स्टँड बाहेरच राहतो. ते बटण उजव्या खांद्याच्या बटणावर ने, म्हणजे तर्जनी मोकळी आहे ती त्या कामाला लागेल. पहिले दोन दिवस चुकेल. मग वर सांगितलेले मोजून खेळायचे दहा सामने कर आणि त्यातले स्टँड क्रॅश झालेले दोन मला पाठव. कुठल्या क्षणी आत घ्यायला हवा होता, ते मी वेळेसकट लिहून देईन.